केबलच्या टोकाची किंमत

जुना लॉजिक ॲनालायझर विकत घ्यायला निघालेला नवखा माणूस आधी पडदा पाहतो. पडदा उजळला, त्यावर हिरवी अक्षरं आली, की यंत्र चांगलं असा त्याचा समज होतो. या छंदात मुरलेला माणूस पडद्याकडे नंतर वळतो. तो आधी यंत्राच्या आजूबाजूला काय पडलंय ते शोधतो. चपट्या केबली आहेत का? केबलींच्या टोकाला प्रोबचे पॉड आहेत का? पॉडमधून निघणाऱ्या बारीक तारांना चिमटे शिल्लक आहेत का? हे नसेल, तर उजळलेल्या पडद्याला फारशी किंमत देण्यात अर्थ नाही.

रेडिओ किंवा कॅमेरा एकटा ठेवला तरी आपलं काम करू शकतो. मायक्रोप्रोसेसरच्या डीबगिंगची उपकरणं तशी नाहीत. त्यांचं सगळं आयुष्य दुसऱ्या कुठल्या तरी बोर्डाला जोडलेल्या अवस्थेत गेलेलं असतं. दुसऱ्या यंत्रात काय बिघडलं आहे, एवढंच विचारण्यासाठी ती बनली. त्यामुळे त्यांची किंमत करताना खोक्याबाहेर पाहावं लागतं: केबल, पॉड, फ्लॉपी, छापील पुस्तिका, आणि ज्याची तपासणी करायची तो बोर्डसुद्धा. हे लक्षात न घेता केलेला संग्रह कपाट भरतो, पण त्यातलं एकही यंत्र कामाला लागत नाही.

या उपकरणांची गरज कशी निर्माण झाली हे माहीत असेल तर त्यांची किंमत कळायला सोपी जाते. डिसेंबर १९७०च्या अखेरीस इंटेलमध्ये फेडेरिको फॅजिन यांच्या हाती ४००४ या चिपचे पहिले वेफर आले. मायक्रोप्रोसेसर तपासण्याचं उपकरण तेव्हा अस्तित्वातच नव्हतं, कारण मायक्रोप्रोसेसरच नव्हता. फॅजिननी तपासणीची जुळणी स्वतःच केली होती. वेफर पूर्ण निर्जीव निघाले. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर उलगडा झाला: उत्पादनातला बरीड कॉन्टॅक्टचा थरच राहून गेला होता. जानेवारी १९७१ मध्ये नवे वेफर आले आणि २,३०० ट्रान्झिस्टरांची ती चिप चालली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती बाजारात आली.

चिप बनवणाऱ्याला निदान सूक्ष्मदर्शकातून आत डोकावता येत होतं. चिप विकत घेणाऱ्या इंजिनिअरपुढे तोही मार्ग नव्हता. १९७४ मध्ये आलेल्या इंटेल ८०८० ला ४० पाय होते. त्यांतले १६ पत्त्यांचे आणि ८ डेटाचे. प्रोग्राम नेमका कुठे भरकटतो हे कळायचं तर निदान या चोवीस तारांवर एकाच क्षणी काय चाललंय ते दिसायला हवं. त्या काळचा चांगला ऑसिलोस्कोप दोन, फार तर चार तारा दाखवायचा, आणि त्याही पुन्हा पुन्हा येणारा सिग्नल असेल तरच नीट. प्रोग्रामची चूक मात्र एकदाच घडते आणि निघून जाते. ती घडली त्या क्षणी सगळ्या तारांवर काय होतं हे साठवून नंतर दाखवणारं काही तरी हवं होतं.

८०८० येण्याच्या थोडं आधीच, १९७३ च्या सुमारास, दोन दिशांनी उत्तरं आली होती. ह्यूलेट-पॅकार्डने (एचपी) ५०००ए हा लॉजिक ॲनालायझर काढला. पाठोपाठ त्यांच्याच १६०१एल या प्लग-इनने ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर लहरींऐवजी शून्य आणि एक यांचे तक्ते दाखवायला सुरुवात केली. कॅलिफोर्नियातल्या बायोमेशन कंपनीने ८१०-डी हा आठ वाहिन्यांचा रेकॉर्डर आणला. एचपीच्या १६०१एलचा मार्ग ‘स्टेट’चा: प्रोसेसरच्या घड्याळाच्या ठोक्याला तारांवर काय होतं तेवढंच टिपायचं. बायोमेशनचा मार्ग ‘टायमिंग’चा: आपल्या स्वतंत्र घड्याळाने नमुने घ्यायचे आणि कुठला सिग्नल किती उशिरा आला हे पाहायचं. पुढे दोन्ही गोष्टी एकाच यंत्रात आल्या. तरी त्या पहिल्या पिढीतली यंत्रं वेगळी ठेवून पाहावीत असं मला वाटतं, कारण प्रोसेसरकडे प्रोग्राम म्हणून पाहायचं की विद्युतमंडल म्हणून, हा प्रश्न त्यांच्या पुढच्या पॅनेलवर स्पष्ट दिसतो.

त्या पिढीतलं मला सर्वांत आवडणारं यंत्र म्हणजे एचपी १६००ए. त्यात तक्त्याशिवाय ‘मॅप’ नावाची एक सोय होती. सोळा तारांवरचा प्रत्येक शब्द पडद्यावर एक ठिपका व्हायचा. वरचे आठ बिट उभ्या दिशेची जागा ठरवत, खालचे आठ आडव्या दिशेची. प्रोग्राम चालू असला की ठिपक्यांची एक आकृती तयार होई. रोज तेच काम करणाऱ्या तंत्रज्ञाला ती आकृती ओळखीची होऊन जात असे, आणि प्रोग्राम भरकटला की तिचा आकार बदललेला लगेच दिसे. पत्ते वाचायची गरजच नाही. हे यंत्र संग्रहात असेल तर ते प्रोसेसरला जोडून मॅप पाहिल्याशिवाय त्याची ओळख होत नाही. नुसतं चालू करून ठेवलेल्या १६००एचा फोटो पाहून काहीही कळत नाही.

१९७७ मध्ये एचपीने १६११ए काढला आणि पडद्यावर शून्य-एक यांच्या जागी थेट प्रोसेसरच्या आज्ञा दिसू लागल्या. मात्र त्यासाठी यंत्राला विशिष्ट प्रोसेसरची भाषा शिकवावी लागे, आणि ते काम त्या प्रोसेसरसाठी बनवलेला वेगळा मॉड्यूल आणि प्रोब करत असे. ८०८० चा संच ६८०० ला चालत नसे. १६११ए विकत घेताना म्हणूनच पहिला प्रश्न ‘कुठल्या प्रोसेसरचा?’ हा असतो, आणि दुसरा ‘प्रोब सोबत आहे का?’ हा. पुढच्या काळातल्या यंत्रांनाही हे लागू आहे. टेक्ट्रॉनिक्सच्या डीएएस ९१०० ला पी६४५२ हे प्रोब लागतात. एचपीच्या १६५०० मालिकेला केबलींच्या टोकाचे पॉड आणि चिमटे लागतात. यंत्रं कंपन्यांच्या लिलावात निघतात तेव्हा केबली वेगळ्या कपाटात राहतात, आणि मग यंत्र एका गावी आणि केबल भंगारात असं होतं. मूळ पॉडचा पूर्ण संच अनेकदा खोक्याइतका, कधी त्याहून जास्त भावाने विकला जातो. हे ऐकून नवखा माणूस चकित होतो, पण व्यवहाराच्या दृष्टीने ते अगदी रास्त आहे.

लॉजिक ॲनालायझर पाहतो, पण हात लावत नाही. प्रोसेसर थांबवायचा, त्याच्या रजिस्टरमध्ये डोकावायचं, मेमरीतला आकडा बदलून पुन्हा चालू करायचा, तर प्रोसेसरची जागाच घ्यावी लागते. इंटेलने १९७५ मध्ये इंटेलेक एमडीएस या विकाससंगणकासाठी आयसीई-८० काढलं आणि ‘इन-सर्किट एम्युलेटर’ हे नाव रूढ केलं. बोर्डावरचा ८०८० सॉकेटमधून उपटायचा, त्या जागी केबलच्या टोकाचा ४० पायांचा प्लग बसवायचा. बोर्डाला वाटतं प्रोसेसर जागेवरच आहे. प्रत्यक्षात केबलच्या दुसऱ्या टोकाला, निळ्या खोक्यात बसवलेला प्रोसेसर इंजिनिअरच्या हुकमाने एकेक पाऊल टाकत असतो.

या यंत्रांचं ऐतिहासिक वजन फार मोठं आहे. एमडीएसच्या आधीच्या इंटेलेक-८ वर, कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे इथल्या नेव्हल पोस्टग्रॅज्युएट स्कूलमध्ये शिकवणाऱ्या गॅरी किल्डॉल यांनी सीपी/एम या ऑपरेटिंग सिस्टिमचं सुरुवातीचं काम केलं. इंटेलसाठी पीएल/एम ही भाषाही त्यांनीच लिहिली. ज्यांच्याजवळ असलं यंत्र नव्हतं त्यांना दुसरी वाट शोधावी लागली. १९७५ मध्ये अल्टेअर या संगणकासाठी बेसिक लिहिताना बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांच्याकडे ८०८० असलेला संगणकच नव्हता. ॲलननी हार्वर्डच्या पीडीपी-१० वर ८०८० ची नक्कल करणारा प्रोग्राम लिहिला आणि त्यावर बेसिक तपासलं.

आयसीई-८० चे बोर्ड सुटे विकायला आले की लोक ते स्वस्तात मिळाले म्हणून आनंदाने घेतात. पण ते एमडीएसमध्येच बसतात आणि त्याच्याच आयसिस या ऑपरेटिंग सिस्टिमखाली चालतात. आयसिस ज्या आठ इंची फ्लॉप्यांवर होती, त्यांतल्या डबल डेन्सिटी फ्लॉप्यांवर एम२एफएम नावाची वेगळीच लेखनपद्धत वापरली आहे. नेहमीचा पीसीचा फ्लॉपी कंट्रोलर ती वाचू शकत नाही. म्हणजे बोर्ड आहे, यंत्र नाही. यंत्र आहे, फ्लॉपी नाही. फ्लॉपी आहे, पण ती दुसऱ्या कशानेही वाचता येत नाही. असा संच पूर्ण स्वरूपात एकाच ठिकाणी राहिलेला दिसला, तर तो तोडून विकणाऱ्याचा फायदा काही काळाचा आहे आणि नुकसान कायमचं. नंतरच्या काही एम्युलेटरांत तर ‘बाँड-आउट’ चिपा आहेत. एरवी चिपच्या पोटात राहणारे सिग्नल जादा पायांवाटे बाहेर काढलेल्या या खास आवृत्त्या होत्या. त्या फार थोड्या बनल्या आणि सर्वसाधारण बाजारात कधी आल्याच नाहीत. ती एक चिप जळली की अख्खा एम्युलेटर संपला. अशा यंत्राची किंमत करताना मी तरी ‘चालू’ आणि ‘बंद’ यांत फार मोठा फरक करीन.

आतापर्यंतची यंत्रं प्रयोगशाळेतली होती. कारखान्यातून बाहेर पडलेलं उत्पादन गावोगावी बिघडायला लागलं, तेव्हा दुरुस्ती करणाऱ्याला वेगळं काही हवं होतं. त्याला प्रोग्राम लिहायचा नव्हता. पन्नास चिपांतली कुठली मेली आहे, एवढंच त्याला कळायला हवं होतं. यावर एचपीने १९७७ मध्ये ५००४ए हा सिग्नेचर ॲनालायझर काढून जे उत्तर दिलं, ते या सगळ्या इतिहासातलं सर्वांत चतुर उत्तर आहे असं माझं मत आहे.

५००४एला चार गोष्टी जोडायच्या: सुरुवात कुठे धरायची, शेवट कुठे, घड्याळ कुठलं, आणि तपासायची तार कुठली. सुरुवात ते शेवट या काळात त्या तारेवरून जे हजारो शून्य-एक जातात, ते सगळे सोळा बिटांच्या एका शिफ्ट रजिस्टरमध्ये ढकलले जातात. त्या रजिस्टरची काही घरं परत तोंडाशी जोडलेली असतात, त्यामुळे आत गेलेल्या प्रत्येक बिटाचा परिणाम शेवटपर्यंत राहतो. शेवटी रजिस्टरमध्ये उरतं ते चार अक्षरी चिन्ह म्हणून दिसतं, पी७६३ यासारखं. हीच त्या तारेची ‘सिग्नेचर’. लांबलचक हिशेबाच्या वहीची पानं न वाचता तळाची बेरीज जुळते का एवढंच पाहावं, तसा हा प्रकार. एखादा बिट जरी चुकला तरी सिग्नेचर हमखास बदलते. अनेक बिट चुकले असताना योगायोगाने जुनीच सिग्नेचर येण्याची शक्यता ६५,५३६ मध्ये एक इतकी थोडी. या चिन्हांत शून्य ते नऊ हे अंक आणि ए, सी, एफ, एच, पी, यू ही अक्षरं आहेत. सात रेघांच्या डिस्प्लेवर एकमेकांशी गल्लत होणार नाही अशीच अक्षरं निवडली होती.

तपासणीची एक ठरलेली रीत होती. डेटाच्या तारा तोडून प्रोसेसरला सतत ‘काही करू नकोस’ ही एकच आज्ञा पुरवायची. मग तो बिचारा शून्यापासून ६५,५३५ पर्यंतचे सगळे पत्ते ओळीने चालत जातो आणि पुन्हा शून्यावर येतो. आता पत्त्यांच्या तारांवर एकेक करून प्रोब टेकवायचा आणि सर्किटच्या नकाशावर त्या जागी छापलेल्या सिग्नेचरशी ताडून पाहायचं. जुळली तर पुढे, नाही जुळली तर मागे. जिथे आत जाणारी सिग्नेचर बरोबर आणि बाहेर येणारी चूक, ती चिप बदलायची. प्रोसेसर कसा चालतो हे न कळणारा माणूसही चालणारा बोर्ड परत देऊ शकत होता.

या रीतीतला महत्त्वाचा शब्द ‘छापलेल्या’ हा आहे. सिग्नेचर हिशेबाने काढून ठरवायची गोष्ट नव्हती. कंपनी चांगल्या बोर्डावरून ती टिपून घेई आणि पुस्तिकेत छापी. ती पुस्तिका नसेल तर ५००४ए चार अक्षरं दाखवतो खरा, पण ती बरोबर की चूक हे कुणाला कळणार? पुस्तिका असेल तर मात्र ते यंत्र आजही तितकंच उपयोगी आहे. अटारी कंपनीने आपल्या आर्केड खेळांच्या दुरुस्ती-पुस्तिकांत सिग्नेचरचे तक्ते दिले, आणि कॅट बॉक्स नावाचं स्वतःचं तपासणीयंत्र काढलं त्यातही सिग्नेचर ॲनालायझर होता. १९७९ चा ॲस्टेरॉइड्स हा खेळ ६५०२ या प्रोसेसरवर चालत असे. आज कुणी तो दुरुस्त करायला बसला तर १९७७ च्या शोधाची त्याला थेट मदत होते. एखादी जुनी सर्व्हिस पुस्तिका रद्दीत दिसली आणि तिच्या नकाशावर अशी चार अक्षरी चिन्हं असली, तर तिला रद्दीचा भाव लावू नये.

आर्केड खेळांच्या दुरुस्तीनेच आणखी एका यंत्राची किंमत टिकवून धरली आहे. वॉशिंग्टन राज्यातल्या एव्हरेट इथल्या जॉन फ्लूक कंपनीने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ९०१०ए हा मायक्रो-सिस्टिम ट्रबलशूटर आणला. बोर्डाची मेमरी मेली असेल तर त्यावरचा कुठलाही प्रोग्राम चालत नाही, आणि प्रोग्राम चालत नसेल तर बोर्डाची परीक्षा घेणार कोण, ही त्या वेळची खरी अडचण होती. ९०१०ए प्रोसेसरच्या जागी आपला पॉड बसवतो आणि बोर्डावरच्या प्रोग्रामची मुळीच वाट पाहत नाही. आधी बसच्या (पत्त्यांच्या आणि डेटाच्या) तारा तपासतो, मग रॅम, मग रॉम, मग आयओ, म्हणजे इनपुट-आउटपुट. त्याची ‘लर्न’ ही सोय त्याहून पुढची आहे: चांगला बोर्ड जोडला की तो स्वतःच कुठल्या पत्त्यावर रॅम, कुठे रॉम आणि कुठे आयओ हे शोधून काढतो, ते लक्षात ठेवतो आणि नंतर बिघडलेल्या बोर्डावर तीच परीक्षा घेतो. ही माहिती छोट्या कॅसेटवर जपून ठेवता येते.

९०१०एचा मुख्य भाग सगळ्यांसाठी एकच, पॉड मात्र प्रोसेसरगणिक वेगळा. इथे भाव कसा ठरतो हे पाहण्यासारखं आहे. झेड८० चा पॉड हवा, कारण १९८० चा पॅक-मॅन झेड८० वर चालतो. ६५०२ चा हवा, कारण अटारीचे बरेच खेळ त्यावर आहेत. कारखान्यातल्या नियंत्रक यंत्रांत वापरलेल्या एखाद्या प्रोसेसरचा पॉड त्यांच्याहून दुर्मीळ असेल, पण तो बोर्ड दुरुस्त करणारं कुणी उरलं नसेल तर पॉड पडून राहतो. दुर्मिळता म्हणजे किंमत हा नाणी आणि तिकिटं जमवणाऱ्यांचा नियम इथे आणून लावला की हमखास फसायला होतं. ९०१०ए घेताना पॉडच्या बाबतीत एक साधी खातरजमा करता येते. पॉडवरच एक सॉकेट असतं. केबलच्या टोकाचा प्लग त्यात खोचला की पॉड स्वतःची चाचणी घेऊ शकतो. विक्रेत्याने ती चाचणी करून निकाल दाखवला, तर त्या सौद्यात वीस फोटोंपेक्षा जास्त माहिती मिळाली असं समजावं. ‘चालू होतं’ या शब्दांचा अर्थ दिवे लागतात एवढाच असतो.

वर्ष ओळखण्याचं एक साधन एचपीच्या यंत्रांत मागच्या पॅनेलवरच असतं. त्या काळच्या अनुक्रमांकाच्या सुरुवातीला चार आकडे आणि एक अक्षर असे. समजा १८३२ए असेल, तर पहिले दोन आकडे १९६० नंतरची वर्षं सांगतात, म्हणजे १९७८. पुढचे दोन त्या वर्षाचा बत्तिसावा आठवडा. अक्षर देशाचं: ए म्हणजे अमेरिका, जी म्हणजे जर्मनी, जे म्हणजे जपान. मात्र हा आठवडा त्या नगाच्या जन्माचा नव्हे. यंत्राच्या रचनेत शेवटचा महत्त्वाचा बदल झाला तो हा आठवडा, आणि नवा बदल होईपर्यंतचे सगळे नग तोच आकडा घेऊन बाहेर पडत. म्हणून पुस्तिका घेतानाही हा आकडा जुळतो का ते पाहायचं, नाही तर आतला बोर्ड एक आणि नकाशा दुसऱ्याचा असा घोळ होतो. प्रत्यक्ष नग कधी बनला हे हवं असेल तर आतल्या चिपांवरचे तारखेचे आकडे वाचावेत. बहुतेक चिपा ७८२०, ७८२४ (वर्ष आणि आठवडा) अशा असताना एखादीवर ८५१० दिसली, तर तिथे केव्हा तरी दुरुस्ती झाली आहे. दुरुस्ती म्हणजे दोष नव्हे, पण ती कळायला हवी.

जुन्या कंपनीच्या मालमत्तेच्या चिकटपट्ट्या, कॅलिब्रेशनच्या तारखा, पेनने लिहिलेले क्रमांक हे सगळं उत्साहाने खरवडून काढणारे संग्राहक मी पाहिले आहेत आणि त्याचं मला वाईट वाटतं. कुठल्या प्रयोगशाळेत हे यंत्र होतं, कुठल्या वर्षापर्यंत त्याच्यावर विश्वास ठेवून काम चाललं, हे त्या कागदाच्या कपट्यावरच लिहिलेलं असतं. चकचकीत खोकं पुन्हा रंगवून मिळेल. ती नोंद पुन्हा मिळणार नाही.

सोन्याचा लोभ हा या वस्तूंचा मोठा शत्रू आहे. सत्तरच्या दशकात एचपीच्या बोर्डांवरच्या तांब्याच्या वाटांना सोन्याचा मुलामा असे, पांढऱ्या सिरॅमिक चिपांची झाकणंही सोनेरी. भंगारातून सोनं काढणाऱ्याला त्यात दिसतात ते मिलिग्रॅम. असा बोर्ड वितळवण्याआधी त्याला निदान एकदा संग्राहकाच्या नजरेखालून जाऊ द्यावं, कारण संग्राहकाची किंमत बहुतेक वेळा त्या मिलिग्रॅमांपेक्षा जास्त निघते.

यंत्र घरी आल्यावर ते लगेच प्लगमध्ये खोचण्याचा मोह आवरावा लागतो. अमेरिकेतून आलं असेल तर मागचा व्होल्टेज निवडायचा स्विच आधी २२० किंवा २४० वर आणावा. मेन्सच्या वाटेवर पिवळट पारदर्शक आवरणाचे कागदी कपॅसिटर असतील आणि आवरणाला तडे गेले असतील, तर ते बदलल्याशिवाय वीज देऊ नये. तड्यांतून दमट हवा आत जाते आणि वीज मिळाल्यावर काही मिनिटांत खोलीभर धूर होतो. जुने टँटलमचे कपॅसिटर शॉर्ट होतात. बोर्डावर सोल्डर केलेली निकेल-कॅडमियमची बॅटरी गळून आजूबाजूच्या वाटा खाऊन टाकते. ती काढून टाकणं हे पहिलं काम. जुन्या पद्धतीचा ट्रान्सफॉर्मरचा पुरवठा असेल तर व्हेरियॅकने हळूहळू व्होल्टेज चढवणं ठीक. स्विच मोड पुरवठ्याला अर्धवट व्होल्टेज मानवत नाही, तिथे आपल्याकडच्या इलेक्ट्रिशियनचा सिरीज बल्बच बरा. पावसाळ्यात कोकण-मुंबईच्या हवेत जुन्या चिपांचे चांदीचा मुलामा दिलेले पाय काळे पडतात आणि उपटताना तुटतात, म्हणून सॉकेटमधल्या चिपा उगाच काढ-घाल करू नयेत. केबलींच्या पेटीतला जुना फोम मात्र ताबडतोब फेकावा. तो चिकट होऊन प्रोबच्या टोकांवर बसतो.

आणि इप्रॉम. यंत्राचा स्वतःचा प्रोग्राम ज्या काचेच्या खिडकीच्या चिपांमध्ये आहे, त्यातला विद्युतभार वर्षानुवर्षं हळूहळू झिरपत असतो. खिडकीवरची पट्टी सुटली असेल तर उन्हानेही तो पुसला जातो. चालू यंत्र हाती आलं की त्यातला मजकूर वाचून त्याची प्रत ठेवणं, हे यंत्र पुसण्याच्याही आधी करायचं काम आहे.

प्रत्यक्ष किंमत ठरवताना विक्रेत्याने सांगितलेला आकडा विसरावा. झालेल्या सौद्यांचे आकडे शोधावेत, आणि त्यांत पॉड होते की नव्हते हे वेगळं काढावं. भारतात मागवायचं तर वजनाचं भाडं आणि कस्टम्स ड्यूटी मिळून यंत्राच्या किमतीपेक्षा खर्च जास्त होऊ शकतो. पॉड हलके असतात, खोकी नसतात. नुसत्या उपयोगासाठी लॉजिक ॲनालायझर हवा असेल तर आठ वाहिन्यांचं, सेकंदाला २.४ कोटी नमुने घेणारं यूएसबीचं छोटं उपकरण हजार रुपयांच्या आत मिळतं, आणि साध्या कामात ते १९७३ च्या यंत्राला सहज मागे टाकतं. म्हणून १६०१एलला कुणी पैसे मोजतो ते इतिहासासाठी. ५००४ए आणि ९०१०ए यांना मोजले जाणारे पैसे अजून कामाचेही आहेत, कारण त्यांच्यासाठी छापलेले तक्ते आणि घडवलेले पॉड आजही त्याच बोर्डांवर लागू पडतात. हे दोन प्रकार वेगळे ठेवले की भाव बराच उलगडतो.

महाराष्ट्रात या विषयाचा एक धागा आपल्या अगदी जवळ आहे. अमेरिकेत सिराक्यूजच्या ओनोंडागा कम्युनिटी कॉलेजात शिकवणाऱ्या रमेश गावकरांचं ८०८५ वरचं पुस्तक भारतातल्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी वापरलं. त्या पुस्तकातले प्रोग्राम ज्यावर चालवले गेले ती ८०८५ ची ट्रेनर किट पॉलिटेक्निक आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत असत: हेक्स कीपॅड, सहा आकड्यांचा लाल डिस्प्ले, एका इप्रॉममध्ये मॉनिटर प्रोग्राम. इंटेलच्या एसडीके-८५ या किटची ही भारतीय भावंडं. एकेक आज्ञा पुढे जायचं, थांबून रजिस्टर पाहायचं, मेमरीतला बाइट बदलायचा, या सगळ्या डीबगिंगच्याच क्रिया. मोठ्या एम्युलेटरचं काम इथे दोन हजार बाइटांच्या आसपासच्या प्रोग्रामने निभावलं जाई.

आता ही किट डेडस्टॉक रजिस्टरात एका ओळीने उभी आहेत आणि निर्लेखन समितीच्या सहीची वाट पाहतात. समितीपुढे जाण्याआधी निदान प्रत्येक बनावटीचं एक किट, त्याची पुस्तिका, त्याची पॉवर सप्लायची केबल आणि मॉनिटर इप्रॉमच्या मजकुराची प्रत वेगळी काढावी. पुस्तिकेच्या शेवटी मॉनिटर प्रोग्रामचं पूर्ण लिस्टिंग छापलेलं असेल, तर ती पानं आधी स्कॅन करावीत. इप्रॉममधला एखादा बाइट पुसला गेला असला तर तो त्या पानांवरूनच परत भरता येतो.